तू मारल्यासारखं कर : टेक्ससमधला एका दुपारचा खटला

४ जून २०२५, बुधवार. अमेरिकेच्या केंद्र सरकारने टेक्सस राज्यावर दावा लावला. ठिकाण राज्याच्या उत्तर भागातले विचिटा फॉल्स, न्यायमूर्ती रीड ओकॉनर. तक्रार अशी, की टेक्ससचा २००१ सालचा एक कायदा, जो राज्यात शिकलेल्या बिनकागदाच्या मुलांना सरकारी कॉलेजात रहिवाशांची कमी फी (‘इन-स्टेट’ फी) लावतो, केंद्राच्या कायद्याच्या विरोधात जातो, म्हणून त्याची अंमलबजावणी थांबवावी. राज्याची बाजू मांडायची ती महाधिवक्ता केन पॅक्स्टन यांनी. त्यांनी त्याच दिवशी वादीच्या शेजारी उभे राहून संयुक्त अर्ज दिला : आम्हालाही हेच म्हणायचे आहे. न्यायमूर्तींनी सही केली आणि कायमचा मनाई हुकूम निघाला. जवळजवळ चोवीस वर्षे चाललेली व्यवस्था दावा दाखल झाल्यापासून काही तासांत संपली. राज्यपाल ग्रेग अॅबट यांनी लगोलग जाहीर करून टाकले, की बेकायदा स्थलांतरितांची इन-स्टेट फी बंद झाली, आणि कायमची झाली.

आपल्याकडे अशा भांडणाला जुना शब्दप्रयोग आहे : तू मारल्यासारखं कर, मी रडल्यासारखं करतो. इथे तर रडल्याचे सोंगही कोणी केले नाही.

हे प्रकरण निवडण्याचे कारण एवढेच नाही, की मोठी सवलत गेली. सवलती येतात आणि जातात. फ्लोरिडाने २०१४ साली अशीच सवलत दिली आणि २०२५ च्या फेब्रुवारीत विधिमंडळात मतदान घेऊन काढून घेतली. ते कोणाला पटो न पटो, काढणारे कोण आणि बाजूने-विरुद्ध कोण, हे नोंदीवर राहिले. टेक्ससमध्ये मात्र विधिमंडळाने काढली नाही, न्यायालयात वाद झाला नाही, आणि ज्यांची फी तिपटीवर जाणार होती त्यांना त्या दुपारी तिथे जागाच नव्हती. सवलत योग्य की अयोग्य हा प्रश्न वेगळा, ती कशी गेली हा वेगळा. दुसऱ्याची चर्चा फार कमी होते, म्हणून हा खटाटोप.

टायलर गावची पहाट

गोष्ट टेक्ससमध्येच सुरू होते. १९७५ मध्ये राज्याने कायदा करून शाळांना सांगितले, की देशात कायदेशीर प्रवेश नसलेल्या मुलांसाठी राज्याचा पैसा मिळणार नाही. टायलर हे पूर्व टेक्ससमधले गाव, गुलाबाच्या शेतीसाठी प्रसिद्ध. तिथल्या शाळा मंडळाने १९७७ मध्ये अशा मुलांना वर्षाला १,००० डॉलर फी लावली. मेक्सिकोहून मजुरीला आलेल्या घरांत एवढे पैसे कुठून येणार? गावातल्या सोळा हजार विद्यार्थ्यांत अशी मुले होती साठेक.

चार कुटुंबे कोर्टात गेली. न्यायमूर्ती विल्यम वेन जस्टिस यांनी सुनावणी भल्या पहाटे ठेवली, लोकांची गर्दी आणि नजरा टाळण्यासाठी. आईबाप आले ते गाडीत घरचे सामान भरूनच. साक्ष दिल्यावर तिथूनच सीमेपार धाडतील, अशी त्यांची समजूत होती. पकडले कोणी नाही. खटला वर वर जात १५ जून १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयात ५ विरुद्ध ४ असा सुटला. त्या निकालाला तिथे ‘प्लायलर’ म्हणतात. जिम प्लायलर हे शाळा मंडळाचे अधीक्षक. हरलेल्या माणसाच्या नावावर मुलांचा हक्क ओळखला जातो, हा कोर्टकचेरीच्या नावांचा विनोद.

बहुमताचा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती विल्यम ब्रेनन यांचा युक्तिवाद साधा होता. मुलांनी सीमा ओलांडायचा निर्णय घेतलेला नाही, आणि त्यांना अडाणी ठेवून राज्याच्या हाती काही लागत नाही. त्यामुळे बारावीपर्यंतची सरकारी शाळा सर्वांना फुकट आणि कागद न विचारता, असे ठरले. पण तो हक्क बारावीच्या वेशीवर संपतो. कॉलेजबद्दल प्लायलर गप्प आहे. म्हणजे राज्याने बारा-तेरा वर्षे पदरचे खर्चून मूल शिकवायचे, वर्गात पहिले येऊ द्यायचे, आणि अठराव्या वर्षी सांगायचे, की आता तू परका.

डोमिसाइल, पण अमेरिकी थाटाचे

मराठी वाचकाला डोमिसाइल हा शब्द समजावून सांगायची गरज नाही. दाखल्यासाठी सेतू केंद्राच्या खेपा आणि ‘दहावी-बारावी महाराष्ट्रातूनच का?’ हा प्रश्न आपल्या घरोघरी माहीत. अमेरिकेत सरकारी विद्यापीठांचा कारभार याच तत्त्वावर चालतो. राज्यातल्या मुलांना एक फी, बाहेरच्यांना दुसरी. ऑस्टिनच्या टेक्सस विद्यापीठात पदवीच्या वर्षाला राज्यातल्याने साधारण ११ हजार डॉलर भरायचे, तर बाहेरच्याने ४० हजारांवर. राहणे-खाणे वेगळे.

त्यात एक जास्तीची गंमत टेक्ससने स्वतःच करून ठेवली होती. १९९७ च्या कायद्याने राज्यातल्या प्रत्येक हायस्कूलच्या वरच्या दहा टक्के मुलांना सरकारी विद्यापीठात आपोआप प्रवेश मिळू लागला. (ऑस्टिनपुरती ही टक्केवारी पुढे खाली आली.) या यादीत नाव यायला नागरिकत्व लागत नव्हते, गुण लागत होते. त्यामुळे ह्यूस्टनमधल्या, डॅलसमधल्या, रिओ ग्रांदे खोऱ्यातल्या शाळांतून अशी मुले निघू लागली ज्यांच्या हातात प्रवेशाचे पत्र आहे आणि फी मात्र परराज्याची. काही ठिकाणी तर परदेशी विद्यार्थ्याची, म्हणजे जे मूल दुसरीपासून ह्यूस्टनमध्ये आहे ते कागदावर ‘आंतरराष्ट्रीय’.

ह्यूस्टनचे आमदार रिक नोरिएगा यांनी २००१ मध्ये विधेयक आणले, क्रमांक १४०३. ते फारसा आरडाओरडा न होता पास झाले. विरोधात चारच मते पडली, असे रिक पेरी पुढे सांगत. पेरी तेव्हा राज्यपाल होते आणि रिपब्लिकन होते. त्यांनी जूनमध्ये सही केली आणि असा कायदा करणारे टेक्सस पहिले राज्य ठरले. कॅलिफोर्निया काही महिन्यांनी आले. आज हे वाचताना चमत्कारिक वाटते, पण तेव्हाचे टेक्सस निराळे होते. उच्च शिक्षण मंडळाने आदल्याच वर्षी आराखडा केला होता, की हिस्पॅनिक मुले कॉलेजात वाढली नाहीत तर राज्याला शिकलेला कामगार मिळणार नाही. उद्योजकांच्या संघटनाही कायद्याच्या बाजूने. दया नव्हे, हिशेब होता. अशा गोष्टी हिशेबावर उभ्या असल्या की जास्त टिकतात, असे मला तोवर वाटत असे.

अटी तीन. टेक्ससमधल्या हायस्कूलमधून उत्तीर्ण किंवा समकक्ष परीक्षा. त्याआधी सलग तीन वर्षे राज्यात वास्तव्य. आणि एक प्रतिज्ञापत्र.

या प्रतिज्ञापत्राशी थोडे थांबायला हवे, कारण पुढे ते परत येणार आहे. विद्यार्थ्याने नोटरीसमोर लिहून द्यायचे, की मला कायम वास्तव्यासाठी अर्ज करता येईल त्या क्षणी मी तो करीन. ऐकायला रास्त. पण अर्ज करायचा कुठे? आईबाप व्हिसाविना आलेले, आपणही तसेच आलेले, असे असेल तर अमेरिकी कायद्यात या मुलांसाठी बहुधा रांगच नाही. ‘रांगेत उभे राहा’ असे त्यांना राजकारणी सांगतात. रांग सापडली तर उभा राहीन, असे त्यांनी लिहून दिले. ती रांग तयार करणारा केंद्राचा ‘ड्रीम अॅक्ट’ २००१ मध्येच मांडला गेला आणि अजून झालेला नाही. २०१० मध्ये सिनेटमध्ये ५५ मते मिळाली, हवी होती ६०.

पैसा कुठून येतो

अमेरिकेत नुसत्या कमी फीने भागत नाही. केंद्राची मदत, म्हणजे पेल ग्रँट, सवलतीचे कर्ज, कॅम्पसवरचे अनुदानित काम, यातले काहीही कागद नसलेल्या मुलांना मिळत नाही. त्यासाठीचा ‘फाफ्सा’ अर्ज त्यांच्या उपयोगाचा नाही. टेक्ससने म्हणून आपला स्वतंत्र अर्ज काढला, ‘टास्फा’, ज्यावरून राज्याच्या अनुदानाचा विचार होई. कायद्याचा हा भाग बातम्यांत येत नाही, पण शाळेतल्या समुपदेशकाला विचारा, ती आधी टास्फाचे बोलेल. इन-स्टेट दर्जा गेला की राज्याचे अनुदानही गेले, कारण दोन्हींचे मूळ एकच : तू टेक्ससचा रहिवासी आहेस का? म्हणून नुकसान नुसत्या फरकाचे नाही. फी वाढते आणि त्याच वेळी मदत आटते.

उरतात खासगी शिष्यवृत्त्या. ‘द ड्रीम डॉट यूएस’ ही त्यातली मोठी संस्था, पण तिची गणितेसुद्धा स्वस्त सरकारी कॉलेजांच्या फीवर बेतलेली. बाकीचे म्हणजे बापाचा रंगकामाचा धंदा, आईची घरकामे आणि दोन सेमिस्टर शिकून एक सेमिस्टर सुट्टी.

अशी मुले किती? स्थलांतरित विद्यार्थ्यांसाठी काम करणाऱ्या विद्यापीठप्रमुखांच्या संघटनेचा अंदाज टेक्ससच्या कॉलेजांत मिळून सुमारे ५७ हजारांचा. त्या सगळ्यांनी ही सवलत घेतलेली नव्हती. राज्याच्या लाखो विद्यार्थ्यांत ही संख्या मोठी नाही. राजकारणात मात्र मोठी दिसते.

एक बारीक गोष्ट इथेच सांगून टाकतो. लोक विचारतात, यांच्याकडे ‘डाका’ नाही का? ओबामांनी १५ जून २०१२ रोजी आणलेली ती योजना, जिच्यामुळे अशा तरुणांना कामाचा परवाना मिळाला. पण तिची अट होती, की १५ जून २००७ पासून तुम्ही अमेरिकेत सलग असायला हवे. २०२५ मध्ये अठरा वर्षांचे होणारे मूल जन्मले २००७ च्या आसपास. म्हणजे आज हायस्कूल सोडणाऱ्या मुलांना त्या योजनेत बसताच येत नाही, आणि २०२१ पासून टेक्ससमधल्याच एका न्यायालयाच्या आदेशामुळे नवे अर्ज मंजूरही होत नाहीत. डाकाची मुले आता बहुतेक तिशीच्या आसपास आहेत. या मुलांकडे काहीच नाही.

कायद्यातला कच्चा दुवा

आता केंद्राचे म्हणणे. १९९६ च्या स्थलांतर कायद्याचे कलम ५०५ म्हणते, की कायदेशीररीत्या हजर नसलेल्या परदेशी व्यक्तीला राज्यातल्या ‘वास्तव्याच्या आधारे’ उच्च शिक्षणाचा कोणताही लाभ देता येणार नाही, जोपर्यंत तोच लाभ कोणत्याही अमेरिकी नागरिकाला, तो कुठल्याही राज्यात राहत असला तरी, मिळत नाही. सोप्या मराठीत : टेक्ससमध्ये राहतो म्हणून बिनकागदाच्या मुलाला सूट देणार असाल, तर ओक्लाहोमाच्या नागरिकालाही द्या.

राज्यांनी यातून वाट काढली ती ‘वास्तव्याच्या आधारे’ या शब्दांच्या फटीतून. कॅलिफोर्नियाने लिहिले, की आमच्या हायस्कूलमध्ये तीन वर्षे शिकलेल्या कोणालाही सूट. वास्तव्याचा प्रश्नच नाही. जो नागरिक कॅलिफोर्नियात शिकला आणि नंतर नेवाडाला राहायला गेला त्यालाही ती मिळते, आणि लाभ घेणाऱ्यांत असे नागरिक पुष्कळ होते. २०१० मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने हे मान्य केले.

टेक्ससने मात्र आपल्या कायद्यात वास्तव्य हाच शब्द ठेवला. हायस्कूल पूर्ण होण्याआधी तीन वर्षे राज्यात वास्तव्य, आणि २००५ च्या दुरुस्तीनंतर प्रवेशाआधीचे एक वर्षही. त्या दुरुस्तीने नागरिकांनाही याच वाटेने यायची मुभा दिली हे खरे, पण शब्द तोच राहिला. माझ्या मते हा कच्चा दुवा खरोखर कच्चा आहे. सवलतीच्या बाजूचे लोक हे मान्य करायला कचरतात, पण कलम ५०५ समोर ठेवून टेक्ससचे कलम ५४.०५२ वाचले, तर केंद्राचे म्हणणे हास्यास्पद नाही. २०२३ मध्ये टेक्सस ज्याच्या अखत्यारीत येते त्या पाचव्या सर्किटच्या अपील न्यायालयानेही दुसऱ्याच एका खटल्यात, जाता जाता, असा इशारा देऊन ठेवला होता. तो खटला एका पुराणमतवादी विद्यार्थी संघटनेने नॉर्थ टेक्सस विद्यापीठावर लावला होता. तिची मागणी परराज्यातल्या नागरिकांची जास्तीची फी रद्द करण्याची होती. ती मागणी न्यायालयाने फेटाळली, इशारा मात्र निकालात राहून गेला. २०२५ च्या दाव्यात केंद्राने तो उचलला.

म्हणजे वाद व्हायला भरपूर जागा होती. राज्याचा वकील म्हणू शकला असता, की नागरिक आणि अनागरिक दोघांना एकच नियम आहे, किंवा एका अपील न्यायालयाचे जाता जाता काढलेले उद्गार म्हणजे निकाल नव्हे. केंद्राच्या वकिलाने शब्दावर बोट ठेवले असते. राज्य हरलेही असते कदाचित. पण हरले असते तर विधिमंडळाला कळले असते, की कुठला शब्द बदलायचा. ‘वास्तव्य’ काढून ‘शाळेतली वर्षे’ लिहिणे हे एका दुपारचे काम होते, आणि ते विधिमंडळाचे होते.

जे मतदानाने झाले नाही

विधिमंडळाने हा कायदा रद्द करायचे प्रयत्न केले नव्हते असे नाही. जवळजवळ प्रत्येक अधिवेशनात कोणी ना कोणी विधेयक आणी. २०१५ मध्ये सिनेट समितीतून एक बाहेर पडले आणि सभागृहात पोचले नाही. २०२५ मध्ये सिनेटर मेझ मिडलटन यांचे विधेयकही समितीतून पुढे गेले आणि पूर्ण सभागृहात मताला आलेच नाही. लक्षात घ्या, दोन्ही सभागृहांत रिपब्लिकन बहुमत आहे आणि बरीच वर्षे आहे. तरी मते जुळत नव्हती, कारण कुठल्या ना कुठल्या मतदारसंघात बांधकाम कंत्राटदार, कम्युनिटी कॉलेजचा अध्यक्ष किंवा एखादा पाद्री आमदाराला फोन करी. या विषयावर उघड मत देण्याची किंमत काय असते हे पेरींनी २०११ मध्ये दाखवून दिले होते. अध्यक्षपदाच्या उमेदवारीच्या वादसभेत ते बोलून गेले, की या मुलांना शिकवू नये असे म्हणणाऱ्याला काळीज नाही. त्यांची मोहीम त्या एका वाक्याने लंगडी झाली. पुढे त्यांनी शब्दांबद्दल दिलगिरीही व्यक्त केली.

टेक्ससचे विधिमंडळ दोन वर्षांतून एकदा १४० दिवस बसते. २०२५ चे अधिवेशन सोमवारी, २ जूनला उठले. दावा आला बुधवारी. दोन दिवसांचे हे अंतर योगायोगाचे असेल, पण त्याचा परिणाम नेमका होता : आता शब्द दुरुस्त करायला कोणी बसलेले नव्हते. एप्रिलच्या अखेरीस अध्यक्ष ट्रम्प यांनी आदेश काढून महान्यायवादी पॅम बॉंडी यांना अशा राज्य कायद्यांवर कारवाई करायला सांगितले होते. पहिला दावा टेक्ससवर लागला. कॅलिफोर्निया लढेल आणि टेक्सस लढणार नाही, हे उघड असताना पहिला कोणाला गाठायचे, हे ठरवायला वकील लागत नाही.

विचिटा फॉल्सची निवडही सहज नाही. तिथल्या कोर्टात दावा टाकला की तो कोणापुढे जाईल हे बहुतेक आधीच माहीत असते. ओकॉनर हे ओबामांचा आरोग्य विमा कायदा २०१८ मध्ये संपूर्ण रद्दबातल ठरवणारे न्यायमूर्ती. त्यांचा तो निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये फिरवला.

आणि मग ती दुपार. न्यायालयासमोर वाद असायचा तर दोन बाजू हव्यात, हे कायद्याच्या पहिल्या वर्षात शिकवतात. संमतीचे हुकूमनामे रोज होतात, त्यात गैर काही नाही. भाडेकरू आणि मालक तडजोड करतात, तसेच. पण तिथे दोघेही आपलीच वस्तू सोडतात. पॅक्स्टन यांनी सोडली ती त्यांची नव्हती. ती विधिमंडळाची होती, आणि पैसे जाणार होते तिसऱ्याचेच.

ऑगस्टपर्यंत

मनाई हुकुमाने कायदा पुस्तकातून पुसला गेला नाही. नागरिकांसाठी तो अजून चालू आहे. बंद झाला तो ‘कायदेशीररीत्या हजर’ नसलेल्यांसाठी. पण कायदेशीर हजेरी म्हणजे काय? अमेरिकी स्थलांतर कायद्यात दर्जा असणे वेगळे आणि हजेरी कायदेशीर असणे वेगळे. आश्रयाचा अर्ज प्रलंबित असलेला, तात्पुरते संरक्षण मिळालेला, डाकावाला, यांचे काय? राज्याच्या उच्च शिक्षण मंडळाने जूनमध्ये कॉलेजांना कळवले, की असे विद्यार्थी तुमचे तुम्ही ओळखा आणि येत्या सत्रापासून त्यांना परराज्याची फी लावा. ओळखायचे कसे, हे कॉलेजांवर सोडले. ज्या कारकुनाने कालपर्यंत दहावी-बारावीच्या गुणपत्रिका तपासल्या, तो आता इमिग्रेशन वकिलाचे काम करू लागला.

ज्या विद्यार्थ्यांना त्या दुपारी जागा नव्हती त्यांनी जूनमध्येच दार ठोठावले. ‘माल्डेफ’ ही मेक्सिकन-अमेरिकन हक्कांची जुनी संस्था, जिच्या वकिलांनी टायलरच्या मुलांचा खटला लढवला होता, ती याही वेळी पुढे आली. विद्यार्थ्यांच्या गटातर्फे अर्ज केला, की आम्हाला या खटल्यात सामील करून घ्या, कारण कायद्याची बाजू मांडणारा कोणीच नाही. ऑस्टिन कम्युनिटी कॉलेज आणि एक स्थलांतरित संघटना यांनीही तसेच मागितले. ऑगस्टमध्ये न्यायमूर्तींनी हे अर्ज नाकारले. अर्जदार अपिलात गेले. तोवर फॉल सत्राची फी भरायची मुदत आली होती.

टेक्ससचा नमुना वेगाने फिरला. ओक्लाहोमात ऑगस्टमध्ये जवळपास हेच घडले : दावा, महाधिवक्त्याची संमती, लगोलग तोडगा. केंटकी, मिनेसोटा, इलिनॉय आणि नोव्हेंबरमध्ये कॅलिफोर्निया यांच्यावरही दावे लागले. मिनेसोटा, इलिनॉय, कॅलिफोर्निया ही राज्ये लढायला उभी राहिली. म्हणजे कलम ५०५ चा खरा अर्थ काय, हे ठरणार तिथे, जिथे दोन बाजू आहेत.

आपली मुले या फायलीत

डॅलसच्या उपनगरांत, ऑस्टिनच्या उत्तरेला, ह्यूस्टनजवळच्या शुगरलँड-केटीकडे मराठी घरे हजारांनी आहेत. त्या घरांत ही बातमी ‘बेकायदा लोकांची’ म्हणून वाचली गेली असेल तर नवल नाही. आपण व्हिसावर आलो, कर भरतो, आपला काय संबंध? संबंध आहे, आणि तो जरा अवघड जागी आहे.

एच-वन-बीवर आलेल्या आईबापांबरोबर दोन-तीन वर्षांचे आलेले मूल एच-फोर या आश्रितांच्या व्हिसावर वाढते. भारतीयांची ग्रीन कार्डाची रांग इतकी लांब, की ते एकवीस वर्षांचे होते तरी नंबर येत नाही. एकविसाव्या वाढदिवशी त्याचा आश्रित दर्जा संपतो. मग विद्यार्थी व्हिसा घ्या, नाहीतर ज्या देशात आठवण नाही तिथे जा. अशी मुले दोन लाखांवर आहेत, असे त्यांच्यासाठी झगडणारी ‘इम्प्रूव्ह द ड्रीम’ ही संघटना सांगते. त्यांत भारतीय मोठ्या संख्येने. या मुलांनाही फाफ्सा नाही, पेल ग्रँट नाही. डाका त्यांना मिळाली नाही, कारण तिच्यासाठी २०१२ मध्ये कायदेशीर दर्जा *नसणे* ही अट होती. नियमात राहिल्याचा हा दंड. बिनकागदाच्या मुलासारखीच त्यांच्यावरही केंद्राची तिजोरी बंद, आणि टेक्ससमध्ये दोघांनाही एकाच वाटेने इन-स्टेट फी मागता येत होती : हायस्कूल, तीन वर्षे, प्रतिज्ञापत्र.

मनाई हुकूम कायदेशीर हजेरी असलेल्यांना लागू नाही, त्यामुळे एच-फोरवरचे मूल कागदावर सुरक्षित आहे. पण तो कागद कॉलेजच्या खिडकीवर दाखवावा लागणार. व्हिसाची मुदतवाढ अडकली आहे, दर्जा बदलण्याचा अर्ज सात महिने पडून आहे, वाढदिवस ऑक्टोबरात येतो आहे, अशा स्थितीत खिडकीमागचा माणूस काय ठरवेल? जूनपूर्वी त्याला हा प्रश्न विचारावाच लागत नव्हता. या वाटेने आलेल्यांचा व्हिसा कोणता, हे २००१ च्या कायद्याने विचारलेच नव्हते.

आता ते प्रतिज्ञापत्र. नागरिक नाही आणि ग्रीन कार्डही नाही, अशा प्रत्येकाने या वाटेने येताना ते भरून दिले होते. कॉलेजच्या नोंदणी कार्यालयात ते फायलीला लागलेले आहे : नाव, सही, नोटरीचा शिक्का, आणि संधी मिळताच अर्ज करीन हा शब्द. ‘तुमचे तुम्ही ओळखा’ असे वरून पत्र आल्यावर कार्यालयाने शोध कुठून सुरू करायचा, तर याच फायलीपासून. त्याहून सोयीची यादी कोणाकडे नाही, आणि ती मुलांनी स्वतःच्या हाताने लिहून दिलेली आहे.